बुक केलंस का?

ठाण्यातल्या नौपाड्यात काही ना काही सतत बुक होत असतं. पेणचा गणपती, मुंजीला हॉल, गॅसचा सिलिंडर. श्रावणात तर गुरुजीसुद्धा. ‘चार बुकं शिकलेला’ यातलं बुक आता फारसं कानावर पडत नाही. क्रियापदाने मात्र मराठीत चांगलं बस्तान बसवलंय.

त्याचं मूळ जुन्या इंग्रजीतलं ‘बोकियन’. ‘बोक’ म्हणजे पुस्तक, तसाच कुठलाही लेखी दस्त. आणि बोकियन म्हणजे सनद लिहून जमीन देणं. राजा चर्चला किंवा सरदाराला अशी जी जमीन देई तिला ‘बोकलँड’ म्हणत, साधारण आपल्याकडच्या इनामासारखी. (‘बोक’चं नातं बीच नावाच्या झाडाशी लावतात, पण त्यावर पंडितांचं अजून एकमत नाही.) पुढे अर्थ सैलावला आणि वहीत नाव चढवणं म्हणजे बुक करणं झालं. फुटबॉलचा पंच खेळाडूला बुक करतो तो याच अर्थाने.

प्रवासात हा शब्द आणला घोडागाड्यांनी. प्रवाशाचं नाव आणि उतरायचं ठिकाण कारकून वहीत लिहून घेई. आगगाडी आली तरी तीच रीत. पण गर्दीपुढे कारकुनाचा हात पुरेना. न्यूकासल-कार्लाईल मार्गावरच्या थॉमस एडमंडसन या स्टेशनमास्तराने १८३६च्या सुमारास त्यावर तोड काढली: अनुक्रमांक छापलेली पुठ्ठ्याची तिकिटं. क्रमांकावरून हिशेब लागू लागला, नाव लिहायचं कारणच उरलं नाही. वही गेली, खिडकीला ‘बुकिंग ऑफिस’ हे नाव तेवढं चिकटून राहिलं.

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या गाडीत सुमारे ४०० निमंत्रित होते. म्हणजे बुकिंगचा प्रश्नच नव्हता! एडमंडसनचं तिकीट मात्र आपल्याकडेही पुढे कितीतरी वर्षं चाललं. बोटभर लांबीचा जाड पुठ्ठा कारकून यंत्राच्या फटीत सारायचा, खट्ट आवाज यायचा आणि कडेला तारीख उमटायची.

माझ्या मते खरं बुकिंग टिकवलं ते नाटकवाल्यांनी. १९७८मध्ये सुरू झालेल्या गडकरी रंगायतनच्या खिडकीवर समोर ‘प्लॅन’ पसरलेला असे, आणि आपण मागितलेल्या खुर्चीवर आपल्या डोळ्यांदेखत फुली पडे. आता ती फुली मोबाइलवर पडते.

नौपाड्यात आज सगळ्यात महागडं बुकिंग होतं ते पुनर्विकासातल्या फ्लॅटचं. शब्द फिरून जमिनीपाशी आला, पण हे बुकिंग म्हणजे सनद नव्हे. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार विक्रीचा लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. बुकिंगचा चेक फाडण्याआधी एवढं विचारून घ्या.