मुलुखमैदान कशासाठी?

धडाडून बोलणाऱ्या वक्त्याला आपण ‘मुलुखमैदान तोफ’ म्हणतो. ती खरी तोफ अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) १५४९ मध्ये ओतली गेली, हे पाथर्डीच्या एका वर्गात सांगितले. नगर तिथून पन्नासेक किलोमीटर. एका मुलीने लगेच विचारले, “पण एवढी मोठी कशाला?”

प्रश्न रास्त आहे. बुऱ्हाण निजामशहाच्या काळात मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ही काशाची तोफ घडवली. वजन सुमारे ५५ टन, नळीचा आतला व्यास सुमारे ७० सेंटिमीटर. वर्गात गणित करून पाहा : ६५ सेंटिमीटर व्यासाचा काळ्या दगडाचा गोळा, घनता पाण्याच्या २.९ पट. वजन येते ४०० किलोच्या वर! तो उचलून नळीत घालेपर्यंत लहान तोफा कितीतरी वेळा उडतील. शिवाय ती हलवायची कशी? तरीही ती आधी परांड्याला आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली.

मग गरज कोणती? तोफेचे तोंड पाहा : जबड्यात हत्ती धरलेला सिंह. मला वाटते, गोळ्याइतकेच कामाचे होते ते भय आणि तो रुबाब. (मॉस्कोची १५८६ ची ‘झार तोफ’ तर युद्धात वापरलीच गेली नाही.) १६८६ मध्ये मुलुखमैदान असूनही विजापूर पडले, पण औरंगजेबाने आपला विजय कोरवला तो तिच्यावरच.

१८५४ मध्ये इंग्रजांनी ती मोडीत काढली. लिलावात सर्वांत वरची बोली आली १५० रुपये. एवढ्यात कोण विकणार? म्हणून ती अजून विजापूरच्या बुरुजावर आहे.