क्लीनरूम तंत्रज्ञ

इंजेक्शने, लशी, डोळ्यांत घालायचे थेंब अशी निर्जंतुक औषधे भरणाऱ्या कक्षातील कुशल कर्मचारी. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ विलिस व्हिटफील्ड यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी गाळलेल्या हवेच्या अखंड झोताने कण वाहून नेणारी आधुनिक क्लीनरूम घडवली. तरी तिथे जंतूंचा मुख्य स्रोत माणूसच. म्हणून तंत्रज्ञ डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक पोशाख चढवतो, सावकाश हालतो, उघड्या कुपीवरून हात नेत नाही. घाईचा स्वभाव इथे अपात्रताच ठरावा. भरणाच्या जागी घनमीटरमागे ०.५ मायक्रॉन वा मोठे कण ३,५२० पर्यंतच चालतात. कौशल्य तपासण्यासाठी औषधाऐवजी पोषक द्रव भरून कुपी किमान १४ दिवस उबवतात. एखादी गढुळली, की चौकशी सुरू होते.