पडणाऱ्या राजपुत्राची बखर

१९९५ च्या सुमारास आमच्या तालुक्याच्या गावी संगणकाचा एक वर्ग निघाला. शिकवायचे होते पत्रे टंकणे आणि हिशेब मांडणे. आम्ही पोरे तेथे शिकलो ते एवढेच, की पाऊल अगदी काठावर आल्याखेरीज उडी मारू नये. सर चहाला गेले, की काळ्या पडद्यावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' सुरू होई. पांढऱ्या कपड्यांतला एक तरुण तळघरातून धावत सुटे आणि कोणाचा तरी अंदाज चुकला, की खालच्या सुळ्यांवर पडून मरे. पुढे मी मास्तर झालो, दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या. खेळण्याची खोड मात्र गेली नाही. एखाद्या साहसी खेळाविषयी माझे मत कोणी विचारले, तर मी आधी एवढेच पाहतो, की या खेळात पडले तर काय द्यावे लागते. या खेळांचा इतिहास मला त्या किमतीचाच इतिहास वाटतो.

आरंभी हे पडणे निव्वळ शब्दांत होते. विल क्राउथर हा अमेरिकन प्रोग्रॅमर मोठा गुहावेडा; केंटकीतली मॅमथ गुहा त्याने पायांखाली घातलेली. घटस्फोटानंतर, १९७५-७६ च्या काळात, आपल्या दोन लेकींना रमवावे म्हणून त्याने त्या गुहेवर एक खेळ रचला. त्यात चित्र नव्हतेच. वाक्य वाचायचे, कोणत्या दिशेला जायचे ते लिहायचे. १९७७ साली डॉन वुड्सने तो वाढवला. मग १९८२ मध्ये डेव्हिड क्रेनचा 'पिटफॉल' आला. जंगलाची २५५ दृश्ये, तीन जीव, वीस मिनिटे, आणि हे सारे चार किलोबाइटांत. दृश्ये साठवलेली नव्हती, एका गणिती सूत्रातून ती दरवेळी नव्याने निघत. हुशारी थोरच. पण त्यातला हॅरी मगरीच्या तोंडी गेला म्हणून मला कधी वाईट वाटले नाही. त्याला वजनच नव्हते.

ते वजन जॉर्डन मेकनरने दिले. १९८५ साली त्याने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याची व्हिडिओ फीत घेतली आणि एकेक चित्र गिरवून त्यातून राजपुत्र उभा केला. तलवारबाजीसाठी 'रॉबिन हूड'च्या १९३८ च्या चित्रपटातले शेवटचे द्वंद्व त्याने समोर ठेवले. संगीत त्याच्या वडिलांचे. १९८९ साली ॲपल-टू संगणकावर खेळ निघाला, तेव्हा पडद्यावरचा माणूस प्रथमच धापा टाकतो आहे असे वाटू लागले. एक मजला पडलात तर काही नाही, दोन मजल्यांना आयुष्याचा एक त्रिकोण जाई, तीन मजल्यांना मरण. मेल्यावर पातळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. परंतु राजकन्येला वजिराने दिलेली साठ मिनिटे मात्र परत मिळत नसत. जीव फुकट, वेळ नाही! शाळेत इतकी वर्षे काढल्यावर या हिशेबाचे मला अधिकच कौतुक वाटते.

आम्ही अर्थात चोरवाट शोधलीच. खेळ सुरू करताना नावापुढे 'मेगाहिट' हा शब्द टंकला, की पातळ्या ओलांडता येत, आणि एक कळ दाबली, की राजपुत्र पिसासारखा तरंगत खाली उतरे. अशा रीतीने आम्ही बाराव्या पातळीवर पोचलो आणि अडलो. चौथ्या पातळीवर आरशातून उडी मारताना राजपुत्राची सावली सुटून निघालेली असते. येथे ती तलवार घेऊन समोर येते. तिला मारले, की आपला त्रिकोण जाई. ठार केले, तर आपणच मरू. कित्येक दिवस आम्ही स्वतःलाच कापत होतो. एका संध्याकाळी चिडून कोणीतरी कळा कशाही बडवल्या, तलवार म्यानात गेली, सावलीनेही आपली म्यान केली, आणि दोघे एकमेकांत मिसळले. पुढे तर नवलच. समोर रिकामी दरी होती. तीत धावत गेले, की पावलागणिक फरशी उमटत जाई. बारा पातळ्या ज्याने काठावर थांबायला शिकवले, तोच आता पोकळीत पाय टाक म्हणत होता. चोरवाटेने आलेल्या आम्हांला ते धैर्य फुकट मिळाले, म्हणून ते पुरते उमगलेही नाही. पुढे कितीतरी वर्षांनी मी तो खेळ सरळ मार्गाने पुरा केला, तेव्हा त्या काठावर माझे बोट क्षणभर थांबले.

१९९६ चा 'टूम रेडर' सर्वांना ठाऊक आहे. त्रिमितीत उंची खरी वाटू लागली, लारा पडली की मान मोडल्याचा आवाज पोटात कालवे. पण तिच्या जगात माणसांपेक्षा दगडांशी माझी ओळख अधिक झाली.

खरा पेच २००३ साली 'सँड्स ऑफ टाइम'ने टाकला. कथा मेकनरचीच, खेळ मॉन्ट्रियलच्या युबिसॉफ्टचा. इराणी सैन्य हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या वाड्यावर तुटून पडते. तेथे राजपुत्राला एक खंजीर मिळतो, त्याने काळ मागे फिरवता येतो. पडलात? कळ दाबा, पुन्हा काठावर या. आता किंमत कशाची घेणार? मेकनरने ती कथेतून घेतली. राजपुत्र आपली हकीकत सांगतो आहे. आपण मेलो, तर तो सांगता सांगता थांबतो आणि नाही, असे घडलेच नव्हते, असे म्हणून चूक दुरुस्त करतो. कादंबरीकाराला मत्सर वाटावा अशी ही युक्ती! आणि शेवटी सारा काळ उलटा फिरतो, युद्ध घडलेलेच नसते, महाराजाची कन्या फराह जिवंत असते. परंतु तिच्या लेखी हा परका, रात्री खोलीत शिरलेला कोणी चोर. संकटातून उपजलेला जिव्हाळा संकटाबरोबरच पुसला गेला.

फुमितो उएदा या जपानी कलावंताने २००५ साली 'शॅडो ऑफ द कोलोसस' आणला. मेलेल्या मुलीला उठवण्यासाठी एक तरुण सोळा महाकाय जीवांना मारतो. त्यांच्या केसांना धरून चढायचे, हात दमले की पडायचे. पण येथे आपल्या पडण्यापेक्षा त्यांचे पडणे जिव्हारी लागते. डोंगराएवढा प्राणी कोसळतो, विजयाचे नगारे वाजत नाहीत, सूर शोकाचा येतो. शेवटच्या लढाईला जाताना पूल ढासळतो. घोडा स्वाराला पलीकडे झुगारतो आणि स्वतः दरीत जातो. येथे काळ मागे फिरवायला खंजीर नाही. मी नियंत्रक खाली ठेवून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो होतो.

आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' काढला. सर्कशीतली मुलगी आपल्या गोलू नावाच्या भावाला शोधायला असुरांशी लढते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. कथानक ऐन रंगात आले असता खेळ आवरतो, ही माझी तक्रार आहे. पण राजी भिंतीवर पाय देऊन गिरकी घेते, खांबाभोवती फिरते, आणि क्वचित चुकून पडते, तेव्हा ती सर्कशीच्या झुल्याखाली वाढलेली पोर आहे हे विसरता येत नाही. आमच्या आठवीतल्या एका मुलाने ती पहिल्यांदा पडताना पाहिली आणि न राहवून विचारले, "सर, हिच्याखाली जाळी का नाही?"