हेक, रिचर्ड फ्रेडरिक

(१५ ऑगस्ट १९३१–ऑक्टोबर २०१५). अमेरिकन कार्बनी रसायनशास्त्रज्ञ. पॅलॅडियम धातूच्या उत्प्रेरणाने दोन कार्बन अणू एकमेकांस जोडण्याच्या पद्धतीचे एक आद्य प्रवर्तक. या कार्याबद्दल त्यांना एईची नेगिशी व आकिरा सुझुकी या जपानी रसायनशास्त्रज्ञांसमवेत २०१० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या वेळी त्यांना प्रयोगशाळा सोडून एकवीस वर्षे झाली होती.

हेक यांचा जन्म मॅसॅचूसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब लॉस अँजेल्सला स्थायिक झाले. घराभोवतीच्या बागकामातून, विशेषतः ऑर्किडच्या लागवडीतून, त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली असे सांगतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेल्स येथील शाखेतून ते १९५२ मध्ये पदवीधर झाले व तेथेच सॉल विन्स्टाइन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९५४ मध्ये पीएच्.डी. मिळविली. त्यानंतर झुरिक येथील संघीय तंत्रविद्या संस्थेत व्ह्लादिमीर प्रेलॉग यांच्यापाशी त्यांनी काही काळ काम केले. विन्स्टाइन व प्रेलॉग या दोघांचाही भर विक्रिया कोणत्या टप्प्यांनी घडून येते याचा छडा लावण्यावर होता. विक्रियेची यंत्रणा प्रथम, तिचा उपयोग नंतर, ही या शिक्षणातून लागलेली सवय हेक यांच्या पुढील सर्व संशोधनात दिसते.

ते विल्मिंग्टन (डेलावेअर) येथील हर्क्युलीझ या रासायनिक कंपनीत दाखल झाले, तेव्हा संक्रमणी धातूंच्या कार्बनी संयुगांचा त्यांना फारसा परिचय नव्हता. या धातूंवर काहीतरी काम करावे, एवढीच मोघम सूचना त्यांना वरिष्ठांकडून मिळाली होती. डेव्हिड ब्रेस्लो यांच्यासह त्यांनी प्रथम कोबाल्टाकडे लक्ष वळविले. ऑलिफिनावर कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांची विक्रिया करून आल्डिहाइड बनविण्याची पद्धती ओटो रोएलेन यांनी जर्मनीत १९३८ मध्ये शोधली होती व ती उद्योगात रुळलीही होती. तथापि कोबाल्ट तीत नेमके काय करतो हे स्पष्ट नव्हते. हेक व ब्रेस्लो यांनी १९६०-६१ मध्ये तिचे टप्पे मांडले. ऑलिफीन धातूला चिकटते, मग धातू व हायड्रोजन यांमधील बंधात शिरते आणि त्यानंतर कार्बन मोनॉक्साइड समाविष्ट होतो, असा हा क्रम आहे. तो पाठ्यपुस्तकांत आजही या दोघांच्या नावाने दिला जातो.

पॅलॅडियमाकडे ते वळले त्यामागे जर्मनीतील वाकर प्रक्रिया होती. या प्रक्रियेत पॅलॅडियम क्लोराइड व क्युप्रिक क्लोराइड यांच्या साहाय्याने एथिलिनापासून ॲसिटाल्डिहाइड मिळते. पॅलॅडियमाला चिकटलेल्या एथिलिनाला पाण्यातील ऑक्सिजन जोडला जातो, तर त्याच जागी कार्बनी गट का जोडला जाऊ नये, हा हेक यांचा प्रश्न होता. असा गट पॅलॅडियमावर आणण्यासाठी त्यांनी पाऱ्याची कार्बनी संयुगे वापरली. फेनिल गट असलेले पाऱ्याचे संयुग व पॅलॅडियमाचे लवण यांच्या विद्रावात एथिलीन सोडताच काळा पॅलॅडियम खाली बसला आणि स्टायरीन तयार झाले. अनेक संयुगांवर ही विक्रिया पडताळून हेक यांनी १९६८ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाच्या एकाच अंकात लागोपाठ सात निबंध प्रसिद्ध केले. सातही निबंधांवर त्यांचे एकट्याचेच नाव होते. औद्योगिक प्रयोगशाळेतून असे काम बाहेर पडणे विरळाच.

या विक्रियेचे महत्त्व कळण्यासाठी तिच्यापूर्वीची अडचण ध्यानात घ्यावी लागते. बेंझीन वलयावरील हॅलोजन अणू सहसा जागचा हलत नाही. ग्रीन्यार विक्रियाकारकासारखी पूर्वीची साधने प्रभावी होती. परंतु ती पाण्याशी व रेणूतील इतर अनेक गटांशीही विक्रिया करीत, त्यामुळे गुंतागुंतीच्या रेणूत ती वापरताना उरलेले गट आधी झाकून ठेवावे लागत. पॅलॅडियम असे इतर बहुतेक गट अबाधित ठेवतो. मात्र १९६८ च्या पद्धतीत दोन मोठे दोष होते. पाऱ्याची संयुगे विषारी असत आणि महागडा पॅलॅडियम प्रत्येक वेळी धातुरूपात खर्ची पडे. तो पुन्हा कामात आणण्यासाठी क्युप्रिक क्लोराइडासारखे ऑक्सिडीकारक घालावे लागे.

दोन्ही दोष एकदम दूर झाले ते ॲरिल आयोडाइडे वापरल्यामुळे. टोकिओ तंत्रविद्या संस्थेतील त्सुतोमू मिझोरोकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये आयोडोबेंझीन व ऑलिफिने यांची विक्रिया पॅलॅडियम क्लोराइड व पोटॅशियम ॲसिटेट यांच्या सान्निध्यात, मिथेनॉलात, १२०° से. तापमानास घडवून आणली. हेक यांनी जे. पी. नॉली यांच्यासह १९७२ मध्ये तीच विक्रिया स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. त्यांनी पॅलॅडियम ॲसिटेट व ट्रायब्यूटिल अमाइन वापरले होते व १००° से. तापमान पुरेसे ठरले होते. मिझोरोकी यांचे काम आधीचे असल्याचा उल्लेख त्यांनी आपल्या निबंधात केला. मिझोरोकी १९८० मध्ये वारले. या विक्रियेचे ‘मिझोरोकी-हेक विक्रिया’ हे नाव अधिक न्याय्य आहे. तथापि व्यवहारात ‘हेक विक्रिया’ हेच रूढ झाले. यंत्रणेचा उलगडा व पद्धतीचा सातत्याने केलेला विस्तार ही मुख्यत्वे हेक यांची कामगिरी असल्याने हे नाव अगदीच निराधार म्हणता येत नाही.

विक्रियेचे चक्र असे आहे : शून्य संयुजेचा पॅलॅडियम प्रथम कार्बन व हॅलोजन यांच्या मध्ये शिरतो. मग ऑलिफीन त्याला चिकटते. ॲरिल गट द्विबंधाच्या एका कार्बनावर सरकतो व पॅलॅडियम दुसऱ्यावर जातो. शेजारच्या कार्बनावरील एक हायड्रोजन अणू पॅलॅडियमाकडे गेला की द्विबंध पुन्हा तयार होऊन नवे संयुग सुटे होते. उरलेले हायड्रोजन हॅलाइड अमाइनाने शोषून घेतले की पॅलॅडियम मूळ रूपात येतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. गट जोडला जाणे व हायड्रोजन निघून जाणे ही दोन्ही रेणूच्या एकाच बाजूने घडत असल्याने उत्पादिताची त्रिमितीय रचना आधी सांगता येते. त्यात प्रायः ट्रान्स रूप मिळते.

हेक १९७१ मध्ये नूअर्क येथील डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढची चार-पाच वर्षे त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत फलदायी ठरली. एच्. ए. डीक यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये फॉस्फीन वापरून ही पद्धती आयोडाइडांहून स्वस्त अशा ब्रोमाइडांना लागू केली. ॲरिल हॅलाइड, कार्बन मोनॉक्साइड व अल्कोहॉल यांपासून एस्टरे बनविण्याची रीतही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. ॲसिटिलिनाची संयुगे ॲरिल गटाला जोडण्याची पद्धती त्यांनी १९७५ मध्ये दिली. परंतु त्याच वर्षी केन्किची सोनोगाशिरा यांनी तांब्याच्या लवणाची जोड देऊन ती सामान्य तापमानास घडवून दाखविल्यामुळे ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. या कुळातील जोडणीचा उपयोग करून ड्यू पाँट कंपनीतील संशोधकांनी १९८७ मध्ये अनुस्फुरक रंजक न्यूक्लिओटाइडांना जोडले व डीएनएमधील घटकांचा क्रम वाचण्याची पद्धती तयार केली. हेक यांचे ऑरगॅनोट्रँझिशन मेटल केमिस्ट्री (१९७४) व पॅलॅडियम रिएजंट्स इन ऑरगॅनिक सिन्थेसिस (१९८५) हे ग्रंथ महत्त्वाचे आहेत.

एवढे असूनही नैसर्गिक पदार्थांचे संश्लेषण करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांनी या विक्रियेकडे बराच काळ फारसे लक्ष दिले नाही. धातूंची कार्बनी संयुगे हा त्यांच्या लेखी परका प्रांत होता. हेक १९८९ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. संशोधनासाठी अनुदान मिळणे कठीण झाले हे त्यामागील कारण सांगितले जाते. नेमक्या त्याच वर्षी मासाकात्सू शिबासाकी व लॅरी ओव्हरमन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ही विक्रिया रेणूच्या अंतर्भागात घडवून दोन आरशी रूपांपैकी एकच रूप प्राधान्याने मिळविण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे सॅम्युएल डॅनिशेफ्स्की यांच्या टॅक्सॉलाच्या संश्लेषणात (१९९६) एक कळीचे वलय याच विक्रियेने बंद करण्यात आले. उद्योगातही तिचा शिरकाव झाला. नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक व माँटेलुकास्ट हे दम्यावरील औषध यांच्या निर्मितीत तिचा उपयोग होऊ लागला. अशा रीतीने ज्या दशकात हेक विक्रियेवरील निबंधांची संख्या झपाट्याने वाढली, त्या दशकात हेक स्वतः संशोधनापासून दूर होते.

सन्मान उशिरानेच आले. डेलावेअर विद्यापीठाने २००४ मध्ये त्यांच्या नावे व्याख्यानमाला सुरू केली आणि २००६ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचा हर्बर्ट सी. ब्राउन पुरस्कार त्यांना मिळाला. नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा ते पत्नी सोकोरो यांच्यासह फिलिपीन्समध्ये राहत होते. पुढे पत्नीचे निधन झाले. मानिलातील द ला साल विद्यापीठाशीही त्यांचा अखेरच्या काळात संबंध होता. मानिला येथे ते मृत्यू पावले.