जुन्या वळणाचे नवे कॅमेरे

गेल्या हिवाळ्यात बडोद्यास एका स्नेह्यांच्या घरी मुंजीचा समारंभ होता. बटूची थोरली बहीण गळ्यात कॅमेरा अडकवून मांडवात वावरत होती. रुपेरी माथा, काळे खरखरीत अंग, वर आकडे कोरलेली चकती आणि भिंगाभोवती फिरणारे कडे, असा त्याचा थाट होता. पंचाऐंशी वर्षांच्या आजोबांनी तो पाहिला आणि सहज विचारले, “यात रोल कुठला घातलायस गं?” नात हसली आणि तिने कॅमेऱ्याची पाठ त्यांच्यापुढे धरली. तेथे रोलची पेटी नव्हती, चित्र दाखवणारा लहानसा पडदा होता.

आजोबांची फसगत झाली यात नवल नाही. परंतु ज्या यंत्रात फिल्म नाही, त्याने फिल्मच्या कॅमेऱ्याचा वेष का घ्यावा? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर प्रथम तो वेष कोठून आला हे पाहिले पाहिजे.

जर्मनीतील वेट्झलार गावी लाइट्झ यांच्या कारखान्यात ऑस्कर बारनाक नावाचा कसबी यंत्रज्ञ होता. त्याला दम्याचा विकार होता. त्या काळचे अवजड प्लेट-कॅमेरे डोंगरावर वाहून नेणे त्याला झेपत नसे. चलच्चित्रपटाची पस्तीस मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी धरून तिच्यावर २४ बाय ३६ मिलिमीटरचे लहान चित्र घ्यावे आणि कागदावर ते मोठे करावे, ही युक्ती त्याने १९१३-१४ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत हा ‘लायका’ लोकांपुढे आला. फिल्मची रिळे दोन टोकांना असल्यामुळे त्याचे अंग आडवे व लांबट झाले. शटरचा वेग ठरवणारी चकती माथ्यावर बसली. ज्यातून प्रकाश आत येतो ते छिद्र लहानमोठे करण्याची सोय भिंगाशी राहिली. तात्पर्य, त्या आकारात शोभेसाठी असे फारच थोडे होते; बहुतेक सारे गरजेतून जन्मले होते.

पुढे आरशाचे कॅमेरे आले. भिंगातून येणारे चित्र आतील आरसा वर डोळ्याकडे पाठवी आणि फोटो घेताना क्षणभर बाजूस होई. त्यानंतर विजेच्या मंडलांनी कॅमेऱ्याचा ताबा घेतला. १९८६ सालच्या कॅनन टी-९० मध्ये माथ्यावरची वेगाची चकती गेली. तिच्या जागी बटणे, एक दातेरी चाक आणि आकडे दाखवणारी काच आली. डिजिटल युगात रोलही गेला. प्रकाशाचे गणित पडद्यावरच्या याद्यांत जाऊन बसले.

२००८ साली पॅनासॉनिकने जी-१ हा बिनआरशाचा, म्हणजे ‘मिररलेस’ कॅमेरा जाहीर केला. प्रकाश टिपणारी चकतीच जर अखंड चित्र पाठवू शकते, तर मधला आरसा हवा कशाला, असा हा साधा विचार होता. आरसा गेल्यामुळे अंग पुन्हा सडपातळ होऊ शकले आणि जुन्या आकाराला वाट मिळाली. १९५९ च्या आपल्या ‘पेन’ कॅमेऱ्याच्या पन्नाशीला, २००९ साली, ऑलिम्पसने त्याच नावाचा डिजिटल अवतार बाजारात आणला. त्याही आधी, २००४ साली, एप्सनच्या आर-डी-१ ला फिल्म पुढे सरकवण्यासारखी दांडी होती. पुढे सरकायला फिल्मच नव्हती. ती दांडी शटर सज्ज करी.

परंतु या परंपरेत खरी खळबळ उडवली ती फुजीफिल्मच्या एक्स-१०० ने. सप्टेंबर २०१० मध्ये तो जाहीर झाला आणि २०११ च्या मार्चमध्ये विक्रीस आला. त्याच महिन्यात जपानात महाभूकंप झाला आणि सेंदाईजवळचा त्याचा कारखाना काही काळ बंद पडला. या कॅमेऱ्यात एकच भिंग, तेही न बदलता येणारे. शटरसाठी चकती आणि छिद्रासाठी कडे. दोन्ही ‘ए’ या खुणेवर ठेवले की सारा कारभार यंत्र पाही. एक हलवले की तेवढा निर्णय आपला. डोळा लावायच्या खिडकीतून साधे, उघडे दृश्य दिसे आणि पुढची दांडी ओढली की तेथेच विजेवरचे चित्र येई.

वापरणाऱ्यांनी त्याचे दोषही मोकळेपणाने सांगितले. नेम धरायला वेळ लागतो, जागे व्हायला उशीर होतो, याद्यांत घोळ आहे, अशा तक्रारी पहिल्या वर्षीच झाल्या. आतील आज्ञावली सुधारून कंपनीने त्यांतील पुष्कळ दूर केल्या. आणि तक्रारी करणारेच सांगत, की तो हातातून ठेववत नाही! कॅमेरा बंद असतानाही वेग व छिद्र किती ते नुसत्या नजरेने कळते. भिंग एकच असल्यामुळे दृश्य जवळ हवे तर आपणच चार पावले चालावे लागते. शटरचा आवाज इतका कमी की समोरच्या माणसाची समाधी मोडत नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. जुनी चकती शटरच्या यंत्रणेलाच हात घालत असे, नवी चकती आतील संगणकाला नुसता निरोप देते. मग हे सोंगच नव्हे काय? काही ठिकाणी आहेच. फिल्मची संवेदनशीलता रोलबरोबर ठरून जाई, म्हणून तिची खूण शटरच्या चकतीतच कडे उचलून लावण्याची रीत होती. आता ती दर फोटोला बदलता येते. तरी २०१७ च्या एक्स-१०० एफ मध्ये तीच उचलण्याची कसरत पुन्हा आली आणि अनेकांना ती जाचली. म्हणून कसोटी एकच लावावी: हे कडे फिरवल्याने माझा निर्णय सोपा होतो, की केवळ माझी हौस भागते? पहिल्या जातीचे जुनेपण टिकावे. दुसऱ्या जातीचे काचेच्या कपाटात शोभते.

बाजाराने मात्र आपला कौल दिला आहे. जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे बाहेर पडले; २०२३ साली ८० लाखसुद्धा नाहीत. बाकीचे खिशातल्या फोनने गिळले. या पडझडीत निकॉननेही २०२१ व २०२३ साली जुन्या वळणाचे मिररलेस काढले आणि २०२४ च्या एक्स-१०० सहासाठी ग्राहकांनी महिनोन्महिने वाट पाहिली. फोन फोटो उत्तम काढतो, परंतु तो काढण्याच्या कामात आपल्याला फारसा वाटा ठेवत नाही. लोक पैसे मोजतात ते त्या वाट्यासाठी, असे मला वाटते.

पुन्हा त्या मांडवाकडे वळू. आजोबांचा पहिला कॅमेरा बडोद्यातच तयार झालेला आग्फा क्लिक-थ्री होता. एका रोलवर बारा फोटो; ऊन आणि ढग एवढ्याच खुणा. पुढे त्यांनी पस्तीस मिलिमीटरचा जपानी कॅमेरा घेतला. घरातले प्रत्येक कार्य त्यांनी टिपले आणि त्यामुळे कुठल्याच फोटोत ते स्वतः नाहीत. फोन आले तसा त्यांचा कॅमेरा कपाटात गेला. फोनच्या गुळगुळीत काचेवर त्यांचे कापरे बोट ठरत नाही. अनेक वर्षे ते समारंभात नुसते बसून असत.

नातीने पट्टा त्यांच्या गळ्यात घातला. त्यांना काही सांगावे लागले नाही. डाव्या हाताने त्यांनी भिंगाचे कडे धरले, मांडवातला उजेड पाहिला, कडे दोन खुणा मागे घेतले, चकती फिरवली आणि डोळा खिडकीला लावला. मग सवयीने सगळ्यांना बजावले, “हलू नका रे!”

मांडवातली सारी मंडळी आपसूक उभी राहिली.