चित्राचं व्याकरण

तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा एक पोरगा. सात वर्षांचा असताना आई गेली आणि त्याची वाचाच बसली. सांगायचं ते तो धुळीत रेघोट्या ओढून दाखवी. पुढे डहाणू तालुक्यातल्या गंजाडला, कळंबीपाड्यावर तो राहिला. वारली चित्रांमुळे जिव्या सोमा म्हसे हे नाव जगाला ठाऊक झालं, २०११ साली पद्मश्रीही मिळाली. मला मात्र इथे त्या रेघोट्यांवरून एका यंत्राकडे जायचं आहे.

वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर वाटोळं डोकं, हातापायांच्या काड्या. वरचा त्रिकोण जरा कलला की माणूस धावू लागतो. तोच त्रिकोण मोठा केला की डोंगर, वाटोळं आभाळात गेलं की सूर्य. लग्नघरी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. ‘काढतात’ नव्हे, ‘लिहितात’ हा तिकडचा शब्द. चित्र लिहायचं असेल तर त्याला व्याकरण हवंच.

हीच गोष्ट यंत्रासाठी ज्या मोजक्या लोकांना सुचली, त्यांत एक मुंबईचे होते. रंगस्वामी नरसिंहन मूळचे मद्रासचे, शिक्षणाने गणिती. १९५४ साली ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांच्या चमूने ‘टिफ्रॅक’ हा संगणक उभा केला. तो १९६० साली चालू झाला. पोलादी सांगाड्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या. स्मृती मात्र आजच्या घड्याळालाही हसू येईल इतकी.

पुढच्याच वर्षी नरसिंहन अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात गेले. तिथला प्रश्न वेगळाच होता. भौतिकशास्त्रज्ञांच्या बुडबुडा-कक्षातून कणांच्या वाटांची छायाचित्रं ढिगाने निघत. माणसं डोळे फोडून ती तपासत. हे काम यंत्राकडे सोपवायचं म्हणून ‘इलियाक-३’ हा संगणक आखला जात होता. बहुतेकांची घाई एवढीच, की यंत्राने चित्रावर नावाचा शिक्का मारावा: हा ‘अ’, हा ‘ब’. नरसिंहन यांनी १९६२ च्या सुमारास मांडलं, की ओळखणं म्हणजे शिक्का नव्हे, वर्णन. बिंदू, रेघ, रेघांचा सांधा हे शब्द. सांध्यातून वाटा कशा फुटतात हे वाक्य. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींचं वाक्यरचनेवरचं पुस्तक १९५७ सालचं, भाषेच्या नियमांची हवा तेव्हा ताजी होती. ती हवा चित्रात शिरली.

समोर दुसरं घराणं होतंच. फ्रँक रोझेनब्लॅट यांचं ‘पर्सेप्ट्रॉन’ १९५८ चं. त्यात नियम सांगायचेच नाहीत. उदाहरणं दाखवत राहायचं, यंत्र आतले आकडे आपणच जुळवून घेईल. उत्साह तर सगळ्यांनाच अनावर. गणिती ट्यूरिंगनी १९५० सालीच लिहून ठेवलं होतं, की पन्नासेक वर्षांत यंत्र पाच मिनिटांच्या गप्पांत बऱ्याच जणांना फसवील. १९६६ साली एमआयटीत तर यंत्राच्या दृष्टीचा मोठा हिस्सा एका उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकायचा बेत झाला. सुट्टी संपली, काम राहिलं!

नरसिंहन या घाईत फारसे सापडले नाहीत. मुंबईला परतल्यावर त्यांनी हाताने लिहिलेली अक्षरं यंत्राने कशी वाचावीत यावर काम केलं, आणि मग त्यांचं लक्ष लहान मुलांकडे गेलं. मूल बोलायला शिकतं ते कुणाशी तरी, काहीतरी करताना. भाषा म्हणजे वागणूक, हे त्यांच्या १९८१ सालच्या पुस्तकाचं सूत्र. यंत्राची बुद्धी समजून घ्यायची तर आधी पोराचे बोबडे बोल ऐका, असं म्हणणारा संगणकवाला मला तरी विरळाच वाटतो.

आज बाजी मारली आहे ती उदाहरणांच्या घराण्याने. कोट्यवधी चित्रं पाहून यंत्र मागाल ते चित्र देतं, नियम कुणी सांगितलेले नसतात. मी एकदा त्याच्याकडे वारली तारपा नाच मागितला, तारपा या वाद्याच्या तालावरचा. त्रिकोण आले, फेर आला, गेरूचा रंग तर अगदी नेमका. आता डहाणूकडे नाचात तारप्याकडे पाठ करायची नसते; वाजवणारा मध्ये, फेर त्याच्याभोवती. माझ्या चित्रात तो फेराबाहेर एका झाडाखाली उभा होता, आणि नाचणारे सगळे त्याच्याकडे पाठ करून.