चाकोरी, धाव आणि ईटी ४५

'चाकोरी' हा शब्द आपण हल्ली फक्त नोकरीबद्दल वापरतो. मूळ चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी वाटेत पडलेला चर. जालना जिल्ह्यातल्या आष्टीला (परतूर तालुक्यातली, बीडची नव्हे, वर्ध्याचीही नव्हे!) काळी माती आहे. तिथे हा चर पावसाळ्यात पडतो आणि उन्हाळ्यात दगडासारखा वाळतो. लाकडी चाकाची लोखंडी धाव अरुंद, ती त्यात बरोब्बर बसायची. ज्याच्या गाडीच्या दोन चाकांतलं अंतर वेगळं, त्याचं एक चाक चरात आणि दुसरं उंचवट्यावर! त्यामुळे सुतारालाही पंचक्रोशीचं माप सोडून चालत नसे. चाक फार आत घेतलं तर साट्याला घासणार, फार बाहेर गेलं तर आखावर ताण. मोटारीच्या रिमचा ऑफसेट म्हणजे हेच दुखणं, फक्त मिलिमीटरमध्ये.

रिमवर 'ईटी ४५' असं कोरलेलं असतं. ईटी म्हणजे जर्मन 'आइनप्रेसटीफं'. रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबवर टेकणारा पृष्ठभाग किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे, ते माप. आकडा मोठा तितकं चाक आत.

आष्टीच्या माझ्या आत्येभावाने मागच्या महिन्यात जुन्या रिम्स घेतल्या. गाडीच्या मूळ रिम्स साडेपाच इंची, ईटी ४५. या सात इंची, ईटी ४०. "पाच मिमीचाच तर फरक आहे," फोनवर म्हणाला. आता बघा. दीड इंच वाढलं, त्याचं निम्मं १९ मिमी. ते दोन्ही बाजूंना जाणार. शिवाय ईटी पाचने कमी, म्हणजे चाक पाच मिमी बाहेर. बाहेरची कड २४ मिमी बाहेर, आतली १४ मिमी सस्पेंशनकडे. आतली कड हलूच द्यायची नसेल तर ईटी २६ लागतो, पण मग बाहेरची ३८ मिमी बाहेर पडते. लोखंड कुठेतरी जाणारच ना!

जुन्या जीपवाल्यांना हे हाताने कळायचं. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली. अशा जीपच्या रिमला बाहेरून दोन इंची पट्टी वेल्ड केली की चाकाचा मध्य एक इंच बाहेर. दिसायला रुबाबदार, पण बेअरिंगवर तेवढा जास्त जोर.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत ईटी साधारण कमीच असायचा. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आपल्याकडे घरोघरी झाली. पुढचं चाक ओढणार, वळणार आणि ब्रेकही तिथेच. हा सगळा संसार चाकाच्या पोटात मावायचा, तर हबचा पृष्ठभाग बाहेर सरकवावा लागतो. म्हणजे ईटी वाढतो.

खरी गोम पुढे आहे. स्टिअरिंग फिरवल्यावर चाक एका तिरक्या रेषेभोवती वळतं. ती रेषा जमिनीला टेकते तो बिंदू आणि टायरचा मध्य, यांतलं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. १९७२ च्या ऑडी ८० मध्ये तो मुद्दाम उलटा, म्हणजे टायरचा मध्य रेषेच्या आत ठेवला होता. ब्रेकचं एक सर्किट गेलं आणि पुढचं एकच चाक थांबू लागलं, तरी गाडी सरळ राहायला मदत व्हावी म्हणून. ईटी कमी केला की टायरचा मध्य बाहेर सरकतो आणि हे गणित बिघडतं.

आष्टीकडच्या रस्त्यावर रात्री समोरून उसाची ट्रॉली येते, आपण डावं चाक साईडपट्टीवर उतरवतो. मऊ काळी माती ते चाक मागे धरते. टायरचा मध्य जितका बाहेर, तितका मोठा झटका स्टिअरिंगला बसतो, आणि तोही मातीच्याच दिशेने. त्या गाडीत आत्या असते, दोन लहान मुलं असतात.

कायद्याचाही मुद्दा होताच (बदलाबाबत सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल कडक आहे), पण आत्येभावाला पटला तो मातीचा. सहा इंची, ईटी ४५ बघतोय आता. आत आणि बाहेर, प्रत्येकी साधारण सहा मिमी.